रेडमधून डिस्क बाहेर पडली: चालू सर्व्हरवर ती बदलण्याआधी काय तपासायचं

हे सगळं छोट्या ऑफिसातल्या सर्व्हरबद्दल आहे. चार-पाच सॅटा डिस्क, त्यावर लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क मिळून केलेला एकच साठा, त्यालाच अ‍ॅरे म्हणतात), नाहीतर आतून तेच वापरणारा एखादा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फाईली देणारा डिस्कांचा डबा. नागपुरात धंतोलीतली पॅथॉलॉजी लॅब, धरमपेठेतलं सीएचं ऑफिस, इतवारीतला ठोक व्यापारी, हिंगण्याच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना, सगळीकडे मांडणी थोड्याफार फरकाने हीच असते. बिघाडही तोच, आणि उन्हाळ्यात जास्त. पण अ‍ॅरेने डिस्क बाहेर काढली म्हणजे डिस्क मेलीच असं नाही. आणि ती खरंच मेली असली तरी खरा धोका तिला नसून उरलेल्या डिस्कांना असतो. खालचा सगळा क्रम या दोन गोष्टींवर बेतलेला आहे.

लक्षणं

‘डिस्क गेली’ अशी तक्रार कोणी करत नाही. तक्रार असते, ‘सर्व्हर आज भल्ला हळू चालून राहिला भाऊ.’ टॅली उघडायला मिनिट-मिनिट लागतं, शेअर केलेलं फोल्डर मध्येच गोठतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतं. नॅस असेल तर तो बीप-बीप करतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा पहिला उपाय म्हणून कोणीतरी बीप बंद केलेला असतो. एखाद्या खणाचा (डिस्कच्या कप्प्याचा) दिवा हिरव्याचा नारिंगी होतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये सॅटा लिंक रीसेट झाल्याच्या ओळी दिसतात, कधी लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरल्याची नोंद असते. एमडीस्टॅट ही रेडची स्थिती दाखवणारी फाईल उघडली की चौकोनी कंसात प्रत्येक डिस्कमागे एक यू दिसतो. एखाद्या यूच्या जागी आडवी रेघ असेल, किंवा डिस्कच्या नावापुढे कंसात एफ आला असेल, तर अ‍ॅरे लंगडा झाला आहे, म्हणजे डिस्क कमी असताना चालतो आहे. डिस्क थांबून थांबून टकटक वाजत असेल तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही, ती गेली आहे.

सगळ्यात वाईट प्रकारात लक्षणच नसतं. डिस्क महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली असते, सूचनेचा ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असतो, आणि दुसरी डिस्क पडते त्या दिवशी सगळ्यांना कळतं.

हात लावण्याआधी

रीस्टार्ट करू नका. हा मोह सगळ्यांना होतो, आणि फुकटात सर्वाधिक नुकसान तोच करतो. वर्षानुवर्षं फिरत असलेली म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा उठेलच याची खात्री नसते, आणि हे चांगल्या वाटणाऱ्या डिस्कांनाही लागू आहे. शिवाय लिनक्सने डिस्कांना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. लॉग कायम साठवायची सोय नसेल तर पुरावाही जातो.

त्याऐवजी एक बाहेरची यूएसबी डिस्क लावा आणि ज्यावाचून उद्या सकाळी धंदा अडेल तेवढं आधी उतरवून घ्या: टॅलीचा डेटा, लॅबचा डेटाबेस, बिलं. ‘रेड आहे ना, मग बॅकअप कशाला’ हे वाक्य मी फार ऐकतो. रेड एका डिस्कचं मरण झेलतो. चुकून डिलीट झालेलं फोल्डर, रॅन्समवेअर किंवा जळलेला एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) तो झेलत नाही. बॅकअप रीबिल्डच्या (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याच्या) आधीच का, तर रीबिल्डमध्ये उरलेल्या प्रत्येक डिस्कचं जवळजवळ प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा कप्पा, वाचलं जातं. बॅकअपमध्ये फक्त कामाच्या फाईली वाचल्या जातात. उरलेल्यांपैकी एखादी कच्ची असेल तर ती रीबिल्डच्या ताणाखाली पडण्याआधी डेटा बाहेर आलेला बरा.

पहिली तपासणी: अ‍ॅरे कोणता आणि किती पडल्या

रेड १ म्हणजे मिरर, त्यात एक डिस्क उरली तरी काम चालतं. रेड ५ एक डिस्क गमावू शकतो, रेड ६ दोन. रेड १० मध्ये कोणत्या जोडीतली गेली यावर सगळं ठरतं. रेड ० असेल तर बदलण्यासारखं काही नाही, डेटा गेला आहे. रेड ५ मध्ये दोन गायब दिसत असतील तर इथेच थांबा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

दोन डिस्क एकाच सेकंदाला बाहेर पडल्या असतील तर लॉगमधली वेळ नीट बघा. दोन डिस्का एका क्षणी मरत नाहीत. तो दोष जवळजवळ नेहमी वीज, कंट्रोलर किंवा बॅकप्लेनचा (डिस्क ज्यात खोचतात त्या पट्टीचा) असतो. ही चांगली बातमी आहे, पण कोणी घाईत अ‍ॅरे नव्याने ‘क्रिएट’ केला नाही तरच.

दुसरी: उष्णता आणि धूळ

याला पैसे लागत नाहीत, आणि नागपुरात हे वगळताच येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात तर रात्रीही हवा निवत नाही. सर्व्हर बहुतेक वेळा रिकाम्या केबिनमध्ये किंवा जिन्याखाली असतो. एसी संध्याकाळी सहाला बंद होतो, सर्व्हर चालूच. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांच्या, यादीत १९४ क्रमांकाला डिस्कचं तापमान असतं. डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा साधारण ६० ते ६५ अंश दिलेली असते. ५० च्या पुढे आकडा दिसला की आधी मी हवेचा बंदोबस्त करतो, कारण रीबिल्डमध्ये सगळ्या डिस्क तासन्‌तास एकदम राबतात आणि आकडा आणखी चढतो.

कूलरचं वेगळं सांगायला हवं. सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका. तो थंडावा देतो तशी ओल आणि बारीक धूळही देतो, आणि ती धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि कनेक्टरवर थापली जाते. साधा टेबलफॅन आणि उघडं दार यापेक्षा बरं. पुढच्या पंख्याची जाळी ब्रशने साफ करा, पण मशीन चालू असताना ब्लोअर मारू नका.

तिसरी: स्मार्टचे आकडे

सगळे आकडे वाचायची गरज नाही, चार पुरतात. ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली केलेली सेक्टरं. १९७ म्हणजे वाचता न आलेली, निकालाची वाट बघणारी सेक्टरं. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न होणारी. आणि १९९ म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वायरीवर बिघडलेली पाकिटं.

पहिले तीन स्वच्छ आणि १९९ मोठा असेल तर संशय केबलवर घ्या. हा आकडा एकदा वाढला की परत शून्यावर येत नाही, त्यामुळे जुना मोठा आकडा बघून घाबरू नका. कागदावर लिहून ठेवा, काही तासांनी पुन्हा बघा. वाढत असेल तरच आजचा दोष.

१९७ मध्ये एक-दोन दिसले आणि नंतर गेले तर लक्ष ठेवा. वाढतच असतील तर चर्चा नको, डिस्क बदला. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली स्कॅन एरर दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी, की मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्ट ‘वाईट’ म्हणाला तर ऐका, ‘ठीक’ म्हणाला तर अर्धाच विश्वास ठेवा. ‘पास्ड’ असं एका शब्दात लिहून येतं त्याला तर मी विचारातही घेत नाही.

चौथी: केबल आणि वीज

इथून पुढे मशीन उघडावं लागतं, म्हणून आधी बॅकअप. हॉटस्वॅप खण (चालू मशीनमधून डिस्क काढता येणारे) नसतील तर सर्व्हर व्यवस्थित शटडाउन करूनच. सीताबर्डीत शंभर-दोनशे रुपयांत क्लिपवाली सॅटा केबल मिळते. जुनी झटकून परत लावण्यापेक्षा सरळ नवी टाका. जुनी फेकून द्या, डब्यात ठेवू नका, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरात जाऊन बसते.

मग विजेच्या बाजूची जोडणी. जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून सॅटाला वीज देणारे साच्यात ओतलेले अ‍ॅडाप्टर दिसले तर तेच काढा, आत शॉर्ट होऊन जळण्याबद्दल ते बदनाम आहेत. एका स्प्लिटरवरच्या दोन डिस्क आळीपाळीने पडत असतील तर स्प्लिटर किंवा एसएमपीएस बघा. डिस्का फिरायला लागताना १२ व्होल्टच्या लाइनवर सर्वांत जास्त भार येतो, आणि थकलेला एसएमपीएस नेमका तिथे बसतो.

पाचवी: डिस्क मेली नाही, उत्तर द्यायला उशीर करते

हे कारण सर्वांत कमी तपासलं जातं. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर सापडला की तो वाचायला मिनिट, दोन मिनिटंसुद्धा झटत बसते. लिनक्स कर्नल ३० सेकंद वाट बघतो, मग लिंक रीसेट करतो, आणि शेवटी अ‍ॅरे डिस्कला बाहेर काढतो. नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते, मग रेड तो डेटा दुसरीकडून भरून काढतो. बऱ्याच डिस्कांवर ही मर्यादा स्मार्टच्या टूलमधून ७ सेकंदांवर बांधता येते. पण वीज गेली की अनेक डिस्क ते विसरतात, म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये घाला. ज्या डिस्कवर ती सोयच नाही तिथे उलट कर्नलची मर्यादा ३० वरून १८० सेकंद करा. काम हळू होईल, पण डिस्क विनाकारण बाहेर पडणार नाही.

इथपर्यंत दोष केबलचा, विजेचा किंवा वेळेचा निघाला आणि डिस्क निरोगी असेल, तर तीच परत घ्या. अ‍ॅरेवर राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे कुठे लिहिलं गेलं याची नोंद) असेल तर ‘री-अ‍ॅड’ केल्यावर मधल्या काळात बदललेला भागच भरला जातो. सात तासांचं काम कधी कधी मिनिटांत होतं.

नवी डिस्क निवडताना

आकार जुन्याइतका किंवा मोठा. दोन कंपन्यांच्या ‘४ टीबी’मध्ये थोड्या सेक्टरांचा फरक असू शकतो, आणि एक सेक्टर जरी कमी पडलं तरी अ‍ॅरे ती घेणार नाही. दुसरं, एसएमआर डिस्क नको. तिच्यात पट्ट्या एकमेकींवर कौलांसारख्या चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग मोठं लिहायला लागलं की ती रडकुंडीला येते, आणि रीबिल्ड म्हणजे सलग मोठं लिहिणंच. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (लाल, आपलं रेड नव्हे) या मालिकेतली काही मॉडेलं एसएमआर असल्याचं उघड झालं, आणि त्यानंतर सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेल्या, डिस्का ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या काढल्या गेल्या. बॉक्सवरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल क्रमांक शोधा.

नागपुरात साध्या डिस्क लगेच मिळतात. नॅसच्या मोठ्या डिस्क पुष्कळदा मुंबई-पुण्याहून मागवाव्या लागतात. म्हणून एक तपासलेली डिस्क आधीच कपाटात असावी असं मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण मार्च एंडिंगनंतर बघू म्हणतात. फारच स्वस्त ‘नवी’ डिस्क दिसली तर चालू तासांचा आकडा बघा, आणि तो शून्य असला तरी हुरळू नका. तो पुसता येतो.

लावण्याआधी पूर्ण चाचणी करायची का? रेड ६ असेल तर दुसऱ्या मशीनवर लांब सेल्फ-टेस्ट रात्रभर चालवा, घाई नाही. रेड ५ आधीच लंगडा असेल तर छोटी टेस्ट करून लावा. तिथे प्रत्येक तास उरलेल्या डिस्कांच्या भरवशावर जातो.

कोणती डिस्क काढायची

चुकीची, म्हणजे चांगली डिस्क ओढून काढणं हा या कामातला सर्वांत महागडा अपघात. लंगड्या रेड ५ मधून चांगली डिस्क काढली की अ‍ॅरे तिथेच आडवा होतो. म्हणून एसडीसी वगैरे नावावर विसंबायचं नाही, सीरियल नंबर हाच खरा. स्मार्टच्या टूलने अ‍ॅरेतल्या सगळ्या डिस्कांचे सीरियल काढा, कोणता कोणत्या खणात ते लिहा. मेलेली डिस्क उत्तरच देत नसेल तर उरलेल्यांचे नंबर काढून वजाबाकी करा. खणांचे आकडे काही ठिकाणी ० पासून, काही ठिकाणी १ पासून सुरू होतात, त्यामुळे स्क्रीनवरचा ‘स्लॉट २’ म्हणजे दारावरच्या स्टिकरचा ३ असू शकतो. खणाचा दिवा लुकलुकवायची सोय असेल तर वापरा. नसेल तर शंकेतल्या डिस्कऐवजी चांगल्या डिस्कांवर एकेक करून वाचन सुरू करा आणि कोणाचा दिवा नाचतो ते बघा.

मग एकाने स्क्रीनवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लेबलवरचा. ऑफिसात दुसरं कोणी नसेल तर चहावाल्याला उभा करा, पण एकट्याने करू नका.

प्रत्यक्ष बदल

डिस्क अजून थोडीफार वाचता येत असेल आणि एखादा खण रिकामा असेल तर जुनी काढूच नका. नवी आधी स्पेअर म्हणून जोडा आणि एमडीएडीएम या लिनक्सचं रेड सांभाळणाऱ्या टूलचा ‘रिप्लेस’ वापरा. तो जुन्या डिस्कवरून नवीवर डेटा ओढतो, जिथे वाचता येत नाही तिथेच पॅरिटीची (गेलेला डेटा हिशोबाने परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या माहितीची) मदत घेतो, आणि पूर्ण होईपर्यंत अ‍ॅरेचं संरक्षण टिकतं. ही सोय इतकी चांगली असून इतकी कमी वापरली जाते याचं मला नवल वाटतं.

एरवी क्रम असा: एमडीएडीएमला ती डिस्क आधी ‘फेल’ म्हणून सांगा, मग ‘रिमूव्ह’. एका डिस्कवर दोन-तीन अ‍ॅरेंचे तुकडे असतील तर प्रत्येकातून. मग कर्नलला त्या डिस्कच्या ‘डिलीट’ फाईलमध्ये १ लिहून ती सोडायला सांगा, पंधरा-वीस सेकंद थांबा, तबकडी फिरायची थांबू द्या, आणि खण बाहेर घ्या. सॅटाचा कनेक्टर चालू मशीनमध्ये काढ-घाल करता यावी असाच बनवलेला आहे, पण बायोसमध्ये एएचसीआय (सॅटा कंट्रोलरचा मोड) आणि हॉटप्लग चालू हवं. साध्या कॅबिनेटात, वायरींच्या गुंत्यात हात घालून हे करू नका; तिथे शटडाउन करा.

नवी बसवली की पार्टिशन टेबल चांगल्या डिस्कवरून नवीवर घ्यायचं. इथे सापळा आहे: एसजीडिस्क या पार्टिशनच्या टूलमधल्या कॉपीच्या पर्यायात ज्याच्यावर लिहायचं ती डिस्क पर्यायाला चिकटून आधी येते, आणि जिच्यावरून घ्यायचं ती शेवटी. उलट झालं तर नव्या डिस्कचं कोरं टेबल चांगल्या डिस्कवर जातं. एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. नंतर नव्या डिस्कला नवे ओळख क्रमांक द्या आणि ‘अ‍ॅड’ करा.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर बहुतेक वेळा नवी डिस्क घातली की रीबिल्ड आपोआप सुरू होतं. ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा संदेश आला तर नवी म्हणून घातलेली डिस्क आधी दुसऱ्या कुठल्यातरी अ‍ॅरेत होती का ते बघा. खात्री नसताना ‘क्लिअर’ नको, आणि ‘इनिशियलाइझ’ तर कधीच नको. नॅसमध्येही ‘रिपेअर’ हेच बटण तुमचं.

रीबिल्ड चालू असताना

४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायला साडेसात तास लागतात, तेही कोणी काम करत नसताना. दिवसा दुप्पट धरा. कर्नलने रीबिल्डचा किमान वेग सेकंदाला फक्त १००० केबी ठेवलेला असतो, म्हणून दिवसा तो रांगताना दिसतो. रात्री ती मर्यादा वाढवा. रेड ५ असेल तर रविवारची वाट बघू नका, आज संध्याकाळीच लावा.

यूपीएसची बॅटरी आधी तपासा. जूनच्या पहिल्या वादळात वीज जायचीच, आणि लंगडा अ‍ॅरे लिहिता लिहिता बंद पडला तर पुढच्या वेळी तो ‘डर्टी’ म्हणून सुरू व्हायलाच नकार देऊ शकतो.

संपल्यावर तीन कामं राहतात. बूट त्याच डिस्कांवरून होत असेल तर नव्या डिस्कवर ग्रब (बूट करून देणारा प्रोग्राम) किंवा ईएफआयचं पार्टिशन बसवा, कारण ते रेडच्या रीबिल्डमध्ये आपोआप येत नाही आणि पुढच्या रीस्टार्टला कळतं. एमडीएडीएमचा चाचणी ईमेल पाठवा आणि तो हयात माणसाला मिळतो का ते बघा. आणि महिन्यातून एकदा संपूर्ण अ‍ॅरेची ‘चेक’ चालू आहे याची खात्री करा. डेबियन ती महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतःच करतो, इतर ठिकाणी लावावी लागते. कोपऱ्यातलं कधीच न वाचलेलं खराब सेक्टर रीबिल्डच्या दिवशी सापडू नये, एवढ्यासाठी ती.

कुठे थांबायचं

रेड ५ मध्ये दोन किंवा रेड ६ मध्ये तीन डिस्क गायब असतील तर थांबा. रीबिल्ड मध्येच दुसऱ्या डिस्कच्या रीड एररवर अडकला तर थांबा, पुन्हा पुन्हा सुरू करू नका. दुसरी डिस्क टकटक करायला लागली, जळल्याचा वास आला, फाईल सिस्टिम माउंट होत नसेल, तरी तेच. इथून पुढे ‘फोर्स’, ‘क्रिएट’ किंवा एफएससीके (फाईल सिस्टिम दुरुस्तीचं टूल) चालवणं म्हणजे जाणकार माणसासाठी उरलेला पुरावा पुसणं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना सल्ला तर नकोच, आत ओल धरते.

मशीन बंद करा, प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक लिहा आणि मेलेली धरून सगळ्या डिस्क रिकव्हरीवाल्याकडे द्या. बाहेर पडलेली डिस्कही त्याला लागते, विशेषतः ती हल्लीच पडली असेल तर. तो काम सुरू करण्याआधी प्रत्येक डिस्कची हूबेहूब प्रत काढून त्या प्रतींवरच काम करतो का, हे विचारा. नाही म्हणाला तर डिस्क परत घ्या. पाठवताना प्रत्येक डिस्क वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, चारी बाजूंनी फोम, आणि सोबत एक कागद: रेडचा प्रकार, डिस्कांचा क्रम, कोणती कधी पडली, आणि त्यानंतर कोणी काय काय दाबलं. शेवटचं लिहायला लोक लाजतात, पण रिकव्हरीवाला सगळ्यात आधी तेच विचारतो.